सासूबाईंना दाखवलेला सूर्य

मी सूर्याची दुर्बीण घेतली ती सासूबाईंना छळायला. कुणी विचारलं तर मी सांगते की नागपूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं, आवड जुनीच, आणि इंग्लंडमध्ये रात्रीचं आकाश दिसतं कुठे, म्हणून दिवसाची दुर्बीण. यातलं काही खोटं नाही. पण दुकानाला फोनवर ऑर्डर देताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वॉटफर्डच्या घराची किचनची खिडकी होती, आणि त्या खिडकीत उभ्या असलेल्या सासूबाई.

त्याआधीचं सांगायला हवं. सासू-सासरे सत्तरच्या दशकात इथे आले. नवरा आणि नणंद दोघंही इथलीच. सासरे मी येण्याआधीच गेले होते. लग्न होऊन आले तेव्हा घर सासूबाईंचं होतं, आणि ते तसं आहे हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मला दिवस राहिले आणि त्याच ऑगस्टमध्ये सूर्यग्रहण आलं. कॉर्नवॉलला खग्रास, आमच्याकडे खग्रासला थोडंसंच कमी. टीव्हीवर, पेपरात, सुपरमार्केटच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. नणंद तेव्हा कॉलेजात होती. तिने पुठ्ठ्याचे चष्मे आणले, त्यातला एक माझ्यासाठी. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या रागावल्या नाहीत. गर्भारपणात ग्रहण बघायचं नाही, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, एवढं त्यांनी सांगितलं. वरच्या छोट्या बेडरूमच्या खिडकीला पडद्यावरून ब्लँकेट लावून सेफ्टी पिना टोचल्या आणि मला आत बसवलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे. मी बसले. ग्रहण कसं होतं हे ज्या मुलीने कॉलेजमध्ये फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं ती पलंगाच्या कडेला, मांडीवर हात ठेवून, अंधारात बसली.

त्या ब्लँकेटला कुठेतरी कसर लागलेली होती. एक भोक पडलं होतं, मुगाच्या दाण्याएवढं. त्यातून उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता. बघता बघता तो गोल एका बाजूने खाल्ला गेला आणि वॉलपेपरवर एक बारीक, तेजस्वी कोर उरली. मी जागची हलले नाही. पडद्याला हात लावला नाही. कोर भिंतीवर आपोआप आली आणि आपोआप पुन्हा भरली. बाहेर गल्लीतली मुलं टाळ्या वाजवत होती. नंतर नणंद धावत वर आली आणि म्हणाली, "वहिनी, सगळा रोड ग्रे झाला, आणि पक्षी पण गप्प झाली. तू मिस केला."

रात्री अंथरुणात मी नवऱ्याला भिंतीवरच्या कोरीचं सांगितलं. आनंदाने सांगितलं. आमच्यात तेव्हा अशा गोष्टी सांगण्याइतकं नवेपण होतं.

सप्टेंबरात स्कॅनला गेले तेव्हा बाळाचं हृदय थांबलेलं होतं. डॉक्टरबाई फार समजूतदारपणे बोलल्या. असं पुष्कळदा होतं, यात कुणाचा दोष नसतो, तुम्ही काही केल्यामुळे हे झालेलं नाही. सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी मान डोलावली आणि "थँक यू डॉक्टर" म्हटलं. घरी आल्यावर मला गरम दूध दिलं, पायांवर पांघरूण घातलं. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पडदा सरकवायला नको होतास."

मी म्हटलं, मी पडद्याला हातही लावला नव्हता. त्या म्हणाल्या, भिंतीवर कोर दिसली म्हणून तूच सांगितलंस ना. मी नवऱ्याकडे बघितलं. तो टीव्हीचा रिमोट शोधत होता.

ती गोष्ट मग घराबाहेर गेली. सासूबाईंनी ती कुठे ओरडून सांगितली नसणार, त्यांची ती पद्धतच नाही. पण जानेवारीत आमच्या मंडळाचं हळदीकुंकू चर्चच्या हॉलमध्ये होतं, तिथे एका बाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता सांगितलं, आपल्याला पटो न पटो, ग्रहण पाळावं गं. लेस्टरला सासूबाईंच्या बहिणीकडे गेलो तर तिथेही तेच, फक्त शब्द वेगळे. शिकलेल्या मुलींना वाटतं आपल्याला कळतं. वर्षानुवर्षं मला मूल झालं नाही, आणि दर वर्षी त्या पडद्याची गोष्ट थोडी थोडी मोठी होत गेली. पुढे पुढे तर मी गच्चीवर जाऊन ग्रहण पाहिलं असं कुणीतरी मलाच ऐकवलं. वॉटफर्डच्या घराला गच्ची नसते.

मी भांडले नाही. मी ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत नोकरी धरली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. रोज एम ट्वेंटी फाइव्ह या हायवेवरून जाणं-येणं. गाडीत एकटी असायचे आणि सासूबाईंना काय काय बोलायचं याची वाक्यं जुळवायचे. काही वाक्यं इतकी सुंदर जमायची की पुढच्या एक्झिटपर्यंत मी खुशीत असायचे. घरी पोचल्यावर त्यातलं एकही बोलले नाही.

ऑफिसमध्ये एक वयस्कर इंग्लिश सहकारी होता. लंच अवरमध्ये तो कार पार्कच्या कडेच्या गवतावर एक छोटी सोनेरी नळी तिपाईवर लावून बसायचा, डोक्यावर टॉवेल घेऊन. सगळे त्याला हसायचे. एकदा मी विचारलं तर त्याने टॉवेल माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं पिवळा गोळा आणि त्यावर डाग दिसतील. दिसला तो लालभडक सूर्य. त्या दुर्बिणीतून हायड्रोजनच्या एका लाल प्रकाशाशिवाय बाकी सगळा उजेड गाळला जातो, त्यामुळे एरवी झगमगाटात बुडून जाणारं सगळं वर येतं. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, काळसर दोरे, आणि कडेला ज्वाळा. एक झुडपासारखी होती. एक कडेपासून सुटून नुसतीच अधांतरी होती. त्या हलत नव्हत्या, पण जेवण संपवून मी पुन्हा डोळा लावला तेव्हा झुडपाचा आकार बदलला होता. हे रोज दिसतं का, मी विचारलं. तो म्हणाला, ऊन असेल तेव्हा रोज. मग म्हणाला, या नळीतून दुसरं काहीच दिसत नाही, चंद्रसुद्धा नाही. फक्त सूर्य.

फक्त सूर्य. त्या संध्याकाळी गाडीत मी एकही वाक्य जुळवलं नाही.

दुर्बीण घरी आली तेव्हा नवरा म्हणाला, एकाच गोष्टीसाठी एवढी वस्तू? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि ऊन होतं. सासूबाई रोज सकाळी बागेच्या दारात उभं राहून सूर्याला पाणी द्यायच्या, इंग्लंडच्या ढगांना न जुमानता, वर्षभर. त्यांनी पाणी दिलं, त्या आत गेल्या, आणि त्याच लादीवर मी तिपाई मांडली. किचनच्या खिडकीतून बघितलं की समोर मीच. दुर्बिणीच्या अंगावर एक छोटी खिडकी असते. तिच्यात उजेडाचा ठिपका आला की सूर्य नळीत आला. मी ठिपका आणला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि त्या चपात्या लाटत असेपर्यंत सूर्याकडे बघत बसले. पाठीवर त्यांची नजर कळत होती. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

दुपारी त्या म्हणाल्या, "एक डोळा मिटून देवाकडे बघतात का गं?"

मी म्हटलं, तुम्ही दोन्ही मिटून बघता, मी एक.

मग प्रत्येक उन्हाच्या शनिवार-रविवारी तेच. ऊन नसेल तरी मी तिपाई तेवढी लावून ठेवायचे, काढायचे नाही, म्हणजे त्यांना पाणी द्यायला बाजूला सरकावं लागायचं. त्यांनी तक्रार केली नाही. लोटी घेऊन त्या तिपाईला वळसा घालून गवतात जायच्या. हिवाळ्यात गवत ओलं असायचं आणि त्यांच्या चपला भिजायच्या.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, मला पुन्हा दिवस राहिले. त्या मार्चमध्ये पुन्हा ग्रहण होतं. इथून फार मोठं नव्हतं, सूर्याचा एक लचका जाणार एवढंच, पण सासूबाईंना आकाराशी देणंघेणं नव्हतं. ते आधी त्यांना कळलं की मला, हे सांगणं कठीण. एक दिवस किचनच्या टेबलावर ग्रहणात अन्नपाण्यावर ठेवायला लेस्टरहून मागवलेले दर्भ दिसले, त्यावरून मला कळलं की त्यांना माहीत आहे.

नवऱ्याने आदल्या संध्याकाळी मला गाडीत गाठलं. घरात बोलायची त्याची हिंमत नव्हती. म्हणाला, आईसाठी एवढं कर, तू मानत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण तिच्या मनाची शांती.

"मागच्या वेळी मी त्यांच्यासाठीच बसले होते," मी म्हटलं. "आणि तुझ्यासाठी."

तो दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कामावर निघून गेला. नणंद लग्न होऊन वेगळी राहत होती. मी रजा घेतली होती. घरात आम्ही दोघीच.

ढग होते, पण तुटक. मी बागेत खुर्ची टाकली, तिपाई लावली. शेजारी छोट्या टेबलावर चॉपिंग बोर्ड, सुरी, दोन काकड्या आणि सफरचंदं आणून ठेवली. मला भूक नव्हती. पोट आता चांगलं दिसण्याइतकं पुढे आलं होतं, आणि मी मुद्दाम अंगाला घट्ट बसणारा टॉप घातला होता. सासूबाई काचेच्या दाराआड उभ्या होत्या. डोक्यावरून न्हालेल्या, केस ओले. देवघरातला दिवा त्यांच्यामागे दिसत होता.

लाल गोलाच्या कडेला एक काळी खाच पडली. मी पहिली काकडी घेतली आणि चिरायला लागले.

दार थोडं सरकलं. त्या म्हणाल्या, "आत ये." मी चिरत राहिले. त्या म्हणाल्या, हवं तर माझं चुकलं म्हणते, पण आत ये.

"काय चुकलं ते सांगा," मी म्हटलं.

"तुला बोलले ते."

"मग म्हणा, पडदा तू सरकवला नव्हतास."

ढगातून ऊन आलं तशा त्या दचकून मागे झाल्या, दाराच्या चौकटीला धरलं. मग म्हणाल्या, "नव्हतास."

"पूर्ण म्हणा."

"पडदा तू सरकवला नव्हतास. आता आत ये, बाई."

त्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं एम ट्वेंटी फाइव्हवर काढली होती. ते ऐकलं, सुरी सफरचंदात रोवली आणि म्हटलं, "नाही."

मला वाटलं त्या रडतील, किंवा नवऱ्याला फोन करतील. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सासऱ्यांची जुनी छत्री होती, लांब दांड्याची, काळी. आयुष्यात ज्यांनी ग्रहणात उंबरठा ओलांडला नव्हता त्या सासूबाई अनवाणी बागेत आल्या, छत्री उघडली आणि माझ्यासमोर धरली. दुर्बिणीवर सावली येणार नाही पण माझं पोट झाकलं जाईल, अशी तिरपी. स्वतः उन्हात. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या.

मी त्यांना थांबवलं नाही. खुर्चीही दिली नाही. बागेत दुसरी खुर्ची होती, हात लांबवला तर मिळेल इतकी जवळ. ग्रहण सुटायला तास दीड तास लागतो. मधून मधून छत्री खाली यायची, मग त्या हात बदलायच्या. वारा थंड होता. टॉवेलाखालून मी चंद्राची काळी कड त्या लाल सालीवरून सरकताना बघत होते, आणि खाली बघितलं की मला त्यांचे पाय दिसायचे, गवतात, गारठून पांढरे पडलेले. मी सफरचंदाची एक फोड खाल्ली. मग आणखी एक.

जुलैमध्ये मुलगी झाली, ठणठणीत. हॉस्पिटलमध्ये सासूबाईंनी तिला घेतलं आणि ओठ बघितले, टाळू बघितला, एकेक बोट उघडून बघितलं, कानांच्या पाळ्या बघितल्या. मी उशीला टेकून त्यांना बघू दिलं. "नीट बघा," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या दिवसांच्या बदल्यात मी तो दिवस देईन.

तो विजय बारशापर्यंत टिकला. हॉल तोच, बायका त्याच. सासूबाई पाळण्याशेजारी बसल्या होत्या आणि छत्रीची गोष्ट सांगत होत्या. सुरीचा उल्लेख नाही, काकडीचा नाही. सुनेला कामाचा ताण, तिचं लक्ष नव्हतं, ती बाहेर गेली. मग मी काय केलं, छत्री धरली. ग्रहण सुटेपर्यंत उभी होते. बायका गहिवरून ऐकत होत्या. एकीने म्हटलंसुद्धा की नातीसाठी आजीने ग्रहण अंगावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, पहिल्या वेळी मी हिच्याजवळ खोलीत बसले असते, तर तेही वाचलं असतं.

म्हणजे माझी मुलगी नीट जन्मली ती त्यांच्यामुळे, आणि पहिलं गेलं ते अजून माझ्यामुळेच.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, त्या दिवशी बागेत पडद्याबद्दल काय म्हणालात, तेही सांगा ना."

त्यांनी पाळण्याची दोरी हलवत माझ्याकडे बघितलं. "तुला आत आणायला मी काहीही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. प्रेमळपणे हसल्या, ते जास्त लागलं.

त्यानंतर मी तिपाई लादीवरून काढली. हरले म्हणून नव्हे. त्यांना छळण्यात मजा राहिली नाही, कारण त्या छळल्या जात नव्हत्या. छत्रीने त्यांचं सगळं भय फेडून टाकलं होतं. आता त्या मला बागेत बघून आतून विचारायच्या, दिसतंय का काही? मी बागेच्या टोकाला शेडजवळ जाऊन बसायला लागले आणि खरंच बघायला लागले. सूर्याचं काम त्या काळात मंदावलं होतं. डाग महिनोनमहिने नसायचे. पण कडेला काहीतरी असायचंच, शोधलं तर.

मुलगी नर्सरीत जायला लागली त्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा डोळा आल्यासारख्या त्या घरभर फिरून वस्तू बघायच्या. पडद्यांचा रंग असा आहे होय, म्हणायच्या. आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, गवतातून चालत शेडपर्यंत आल्या. काठी टेकून उभ्या राहिल्या.

"मला दाखवशील का गं?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी कडेला एक कमान होती. वर्षभरात तशी दिसली नव्हती. सूर्याच्या कडेवरून उठून पुन्हा कडेत शिरणारी, आणि तिच्या पोटात आणखी एक लहान. मी तासभर तीच बघत होते.

दुर्बिणीच्या गळ्याशी एक कडं असतं. ते बारीक फिरवून नेमका तो लाल प्रकाश पकडायचा असतो. थोडं जास्त फिरवलं की तो निसटतो. मग ज्वाळा नाही, दोरे नाही, साल नाही. नुसता सपाट लाल गोळा उरतो, दुकानातल्या दिव्यासारखा. मी उठले, त्यांना खुर्ची दिली, टॉवेल त्यांच्या डोक्यावर घातला. तो घालताना कडं फिरवलं.

त्यांनी डोळा लावला. ऑपरेशनचा, चांगला डोळा. सूर्य सापडायला त्यांना वेळ लागला, मी मान हळूच धरून सापडवून दिला. सापडल्याचं त्यांच्या श्वासावरून कळलं. मग त्या बघत राहिल्या. मी त्यांच्यामागे उभी होते, हात कड्यापासून वीतभर अंतरावर. फिरवायला क्षण लागला असता.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं, काही सुटलं असेल म्हणून. मग टॉवेल काढून त्याची नीट घडी घातली. "यासाठी तू इतकी वर्षं इथे बसतेस," त्या म्हणाल्या. चिडवून नाही. त्यांना माझी कीव आली होती, आणि ती खरी होती. "मला वाटायचं काहीतरी असेल."

त्या काठी टेकत घराकडे गेल्या. पुन्हा त्यांनी कधी बघायला मागितलं नाही, आणि काही हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. सूर्याच्या कडेला ज्वाळा असतात हे त्यांना अखेरपर्यंत माहीत नव्हतं. रोज सकाळी पाणी त्या देत राहिल्या, आणि मी बघत राहिले.

त्या दिवशी त्या दारातून आत शिरल्यावर मी कडं परत फिरवलं. कमान अजून होती, एका बाजूने फिकी पडत चाललेली. ढग येईपर्यंत मी ती बघत बसले. किचनच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, तुझाही चहा टाकू का? मी हो म्हटलं, आणि आलं जरा जास्त घाला म्हणून सांगितलं.